तेलाचे हात

घर बघायला आम्ही गेलो त्या दिवशी घरमालकांनी ना स्वयंपाकघर दाखवलं, ना पाण्याची वेळ सांगितली. हॉलच्या मधोमध उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना त्यांनी दंडाला धरून बाजूला घेतलं.

"पंख्याखाली उभं राहायचं नाही," ते म्हणाले. "मी स्वतः तपासलाय. पण तरी नाही."

"काहून? पडला होता काय कधी?" बाबांनी विचारलं. बाबांची सगळी नोकरी मुंबईत झाली, पण अकोल्याहून आणलेलं 'काहून' त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

"नाही पडला. म्हणून तर."

परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "माणूस अर्धवट दिसते. पण घर घेऊ आपण." आणि आम्ही दोघं, मी आणि बाबा, बोरिवली पूर्वेच्या त्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायला गेलो. समोरचं दार घरमालकांचं. मी त्यांना काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू.

काका मालवणकडचे. अंधेरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली बाल्कनी बंद करून तिथे कारखान्याचं एक लहानसं पिल्लू पाळलं होतं. एक टेबल, त्यावर घट्ट बसवलेला, वस्तू पकडून धरणारा व्हाइस, भिंतीवर ओळीने टांगलेले लहानमोठे पाने, आणि सगळीकडे तेलाचा वास. काम एकच करायचे. तुटलेले बोल्ट काढायचे आणि गेलेले आटे पुन्हा पाडायचे. नवीन वस्तू बनवा म्हटलं तर हात जोडायचे. डोकं उडालेला बोल्ट आत अडकलाय, नुसता तुटका दांडा उरलाय, धरायला काही नाही, असं सांगितलं की मात्र त्यांचा चेहरा पडायचा आणि ते लगेच चष्मा शोधायला लागायचे. रिक्षावाले यायचे, शिलाईच्या मशीनवाल्या बायका यायच्या, जिमवाला एकदा सायकलचं अख्खं पायडल घेऊन पाच मजले चढून आला होता. त्यानेच सगळ्या बोरिवलीला यांचा पत्ता दिला असावा.

मी अनेकदा त्यांचं काम बघत उभी राहायचे. मला त्यात गंमत वाटायची आणि थोडी भीतीही, कारण काका स्वतः सतत घाबरलेले असायचे. इतर कारागीर वस्तू हातात घेतली की बढाया मारतात. काका तुटक्या बोल्टकडे बघून म्हणायचे, "बघ हां, हे वाईट होऊ शकतं." मग त्यावर तेल सोडायचे आणि दोन दिवस ठेवून द्यायचे. गिऱ्हाईक तणतणायचं. "काका, अर्जंट आहे ना यार."

"अर्जंट होतं म्हणूनच तुटला," काका म्हणायचे. "मी पण अर्जंट केलं तर काय होईल?"

दोन दिवसांनी तुटक्या दांड्यावर चिमटा बसला की ते तो आधी उलटा फिरवत नसत. आधी केसभर आवळायचे. ज्या बाजूने तो अडकलाय त्याच बाजूने जरासं जायचं, म्हणजे आतला गंज सुटतो, मग हळूच मागे फिरायचं. मला ते फार आवडायचं. ऑफिसात बॉसशी बोलताना मी ती युक्ती वापरून पाहिली होती आणि ती चालली होती. काकांना हे सांगितलं तर ते दचकले. "माणसांवर नको करू," म्हणाले, "माणसांचा अंदाज येत नाही."

तुटक्या बोल्टात भोक पाडून त्यात उलट्या आट्यांची एक कडक पिन घुसवतात आणि फिरवून बोल्ट बाहेर काढतात. ती पिन काकांकडे होती, पण कापडात गुंडाळून कपाटात वर ठेवलेली. तिची त्यांना दहशत होती. बोल्ट मऊ असतो, त्याला पुन्हा भोक पाडता येतं. ती पिन आत तुटली तर तिच्यात ड्रिलही शिरत नाही, सगळी वस्तूच फुकट जाते. ती पिन काढायची वेळ आली की काकू देवापुढे दिवा लावायच्या. मी हे थट्टेने लिहीत नाही. त्या खरंच लावायच्या.

आणि आवळण्याची त्यांची एक रीत होती. पाना फिरवता फिरवता ते मोठ्याने म्हणायचे, "बस." म्हटलं की त्याच क्षणी पाना काढून टेबलावर ठेवायचे आणि हात मागे बांधायचे. का, विचारलं तर म्हणाले, "बोल्ट सैल राहून जेवढे तुटत नाहीत, तेवढे जास्त आवळून तुटतात. माणूस घाबरला की अजून थोडं आवळतो. मी घाबरट आहे. मला माझ्या हाताचा भरवसा नाही." मग त्या नटावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून काकूंच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. आमच्या घरात पंख्याला, गॅसच्या शेगडीला, खिडकीच्या जाळीला, बाबांच्या खुर्चीला, सगळीकडे लाल रेघा. सोसायटीच्या बागेतल्या झोपाळ्यालाही. दर रविवारी सकाळी काका त्या सगळ्या रेघा बघत हिंडायचे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात लांब चोचीचा तेलाचा कॅन. जिथे काही कुरकुरेल तिथे एक थेंब. सोसायटीतले लोक म्हणायचे की यांचाच एखादा स्क्रू ढिला आहे. काकांच्या कानावर जायचं, पण ते त्यावरही गंभीरपणे विचार करत असावेत असं वाटायचं.

एवढी भीती आली कुठून, हे त्यांनी एकदाच सांगितलं. मला नाही, बाबांना. मी चहा घेऊन आले तेव्हा ते बोलत होते आणि मला बघून थांबले नाहीत. कारखान्यात वाफेचा एक मोठा पाइप होता. त्याच्या जोडावर बोल्टांची गोल रांग. त्यातला एक बोल्ट कुणाच्या तरी हातून आवळताना तुटला. त्याने काय करावं? तुटलेलं डोकं चिकटवून परत जागेवर ठेवलं. दिसायला सगळं झकास. काका त्या दिवशी तपासणीला होते. त्यांनी रांगेवरून हात फिरवला, सगळी डोकी जागेवर आहेत हे बघितलं आणि पुढे गेले. पाना लावून एकेक बघायला हवा होता, तो बघितला नाही. वाफ सोडली तेव्हा तिथे त्यांचा जोडीदार उभा होता.

"मेला?" बाबांनी विचारलं. बाबा असंच सरळ विचारायचे.

"नाही. जगला. मुलुंडला राहतो." काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी त्याच्या घरी जातो. तो मला बघू शकत नाही."

 बाबांनी स्वतःचं बिस्किट काकांच्या बशीत ठेवलं.

दोघांची मैत्री अशी विचित्र. बाबांना कशाची म्हणून भीती वाटायची नाही आणि काकांना सगळ्याची. रोज संध्याकाळी चहाला काका यायचे, खुर्ची पंख्यापासून लांब ओढायचे, आणि बाबा मुद्दाम पंख्याच्या बरोबर खाली बसायचे. "काहून एवढे भेता हो तुम्ही?" बाबा चिडवायचे. काका वर बघत म्हणायचे, "कुणीतरी एकाने भ्यायला नको का?"

मग बाबांची फुफ्फुसं आटायला लागली. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव सांगितलं, पण अर्थ तोच होता. आधी जिना गेला, मग बागेतला फेरा गेला, मग चहाच्या दोन घोटांमध्ये थांबावं लागायला लागलं. घरात विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन आलं आणि ते बंद पडलं तर म्हणून एक सिलिंडर. सिलिंडरवाल्याने मला नियम सांगितले. जवळ आग नको, मेणबत्ती नको, उदबत्ती नको. आणि तेल नको. तेलाचा हातसुद्धा नको. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला तर काडी लागत नाही, आपोआप पेटतं. बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्ती आम्ही त्या दिवसापासून बंद केली. बाबा म्हणाले, फुलं पुरे. केसांना तेल लावून मी बाबांच्या खोलीत जायचे नाही. रात्री जाग आली की आधी सिलिंडरकडे बघायचे. काकांची भीती आता माझ्याही घरात राहायला आली होती.

काकांनाही मी ते नियम सांगितले होते. ते सिलिंडरपासून हातभर लांब उभे राहून ऐकत होते. सिलिंडरच्या मानेवर एक पितळी चौकट बसते, तिच्यातच रेग्युलेटर असतं. मागून एक कानाचा, हाताने फिरवायचा स्क्रू आवळला की रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडाला घट्ट दाबलं जातं. सगळा मामला त्या एका स्क्रूवर. काकांनी तो लांबूनच निरखला आणि मान हलवली. "आटे पितळेचे," म्हणाले. "पितळ मऊ. जपून."

तो दिवस मंगळवार होता, दुपारची वेळ. मी घरून काम करत होते. खालच्या मीटरच्या खोलीत काहीतरी जळलं आणि सगळ्या इमारतीची वीज गेली. मशीनने एक लांब शिटी मारली आणि ते बंद पडलं. मी घाबरले नाही, कारण सिलिंडर होता. चावीने सिलिंडर उघडला आणि स्क्रूच्या बाजूने फस्सकन हवा बाहेर यायला लागली. सिलिंडरवाला आदल्या दिवशीच सिलिंडर बदलून गेला होता. स्क्रू सैल राहिला असेल म्हणून मी तो आवळला. तो फिरला. पुन्हा फिरला. फिरतच राहिला. आटे गेले होते.

सिलिंडर बंद करून मी फोन लावत सुटले. सिलिंडरवाला मालाडला होता, म्हणाला निघतो. अँब्युलन्स हायवेच्या पुलावर अडकली होती. लिफ्ट बंद. बाबा गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकून बसले होते आणि त्यांचे खांदे श्वासाबरोबर वरखाली होत होते. ओठांचा रंग बदलायला लागला होता. मी समोरचं दार बडवलं.

काका आले, रेग्युलेटर हातात घ्यायला वाकले आणि मध्येच थांबले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. घाबरले की ते मालवणीत जायचे.

"ह्या स्क्रूक तेल मीच घातलंय," ते म्हणाले. "रविवारी. कुरकुरत होतो. हात आपोआप गेलो गो."

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. रविवारची फेरी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात तेलाचा कॅन. तेल लागलेल्या आट्यांवर तोच जोर दुप्पट पडतो, हे त्यांनीच मला कधी तरी शिकवलं होतं. सिलिंडरवाल्याने नेहमीसारखा आवळला आणि पितळेचे आटे चिरडले. आणि मी आत्ता त्याच तेलावर ऑक्सिजन सोडला होता, बाबांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. काही झालं नव्हतं, एवढंच. त्या घटकेला मला काकांचा गळा धरावासा वाटला. मी खरंच एक पाऊल पुढे गेले असेन, कारण बाबांनी हात वर करून मला थांबवलं. बोलायला त्यांना श्वास नव्हता.

काकांनी चौकट काढून घेतली आणि ते आपल्या घरात पळाले. मी मागोमाग गेले. रेग्युलेटरच्या तोंडावर त्यांनी नवी कोरी प्लास्टिकची पिशवी बांधली. काकूंनी गॅसवर पाणी चढवलं. काकांनी भांडी घासायचा साबण घेतला आणि आधी स्वतःचे हात धुतले, कोपरापर्यंत, नखांत ब्रश घालून. मग हाताने फिरवायचं ड्रिल, आटे पाडायचा टॅप, कानस, एक जाडसर बोल्ट. आयुष्यभर ही सगळी हत्यारं तेलात राहिलेली. एकेक घासायची, गरम पाण्यात बुडवायची, वास घ्यायचा, पुन्हा घासायची.

"काका, पुरे ना," मी ओरडले. "धुतलं की. बाबा बघा कसे करतायत."

"नाही."

"काका!"

"एक थेंब राहिला तर..." ते म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडून पुन्हा घासायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात वापरायची त्यांना भीती वाटत होती. काकूंनी पदराने पुसलं.

मग त्यांनी मेलेल्या आट्यांचं भोक मोठं केलं, कीस आत जाऊ नये म्हणून चौकट उलटी धरून. एरवी आटे पाडताना ते तेल मागायचे; सवयीने मी कॅन पुढे केला होता का कुणास ठाऊक, पण ते पुटपुटले, "पितळेला तेल लागत नाही. देवाची कृपा. पितळ सुकं कापता येतं." टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अर्धा पुढे, पाव मागे.  मी दोन्ही दारांमध्ये येरझाऱ्या घालत होते. इकडे कीस पडत होता, तिकडे बाबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि त्यातली कुठली गोष्ट आधी संपेल ते मला बघवत नव्हतं.

नव्या बोल्टाचं टोक कानशीने निमुळतं करून, सगळं पुन्हा धुऊन, पुसून काका आमच्या घरात आले. सिलिंडरची मान पण त्यांनी साबणाच्या फडक्याने पुसली. मग सिलिंडर भिंतीकडे वळवला आणि स्वतः बाबा आणि सिलिंडर यांच्या मध्ये उभे राहिले.

"तू भायर जा, बाय."

मी गेले नाही.

"माका भिया वाटता," ते म्हणाले. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. बाबांना सांगितलं होतं.

चौकट बसवली, बोल्ट आवळला, चावी अगदी हळू फिरवली. फस्स. आवाज आधीपेक्षा बारीक, पण होता. काकांनी पाना लावला. थोडं आवळलं. आवाज बारीक झाला. अजून थोडं. आता आवाज नव्हता, पण काका आवळतच होते. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, पाना फिरतोय. 'बस' म्हणायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. मला ते दिसत होतं. नवे आटेही पितळेचेच होते.

"बस," बाबा म्हणाले.

एका श्वासात मावेल एवढाच शब्द. काकांनी पाना जिथल्या तिथे सोडला. तो खाली फरशीवर पडला आणि आम्ही तिघंही दचकलो. काकांनी हात मागे बांधले. मी बाबांच्या नाकाला नळी लावली.

अँब्युलन्स नंतर आली. बाबा काही दिवस हॉस्पिटलात राहून घरी परतले. आम्ही परतायच्या आधीच काकांनी सिलिंडरवाल्याला पकडून नवं रेग्युलेटर बसवून घेतलं होतं. स्वतः दुरुस्त केलेलं त्यांनी घणाने चेचून टाकलं, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून.

मी त्यांच्याशी नीट बोलत नव्हते. समोरासमोर आलो की मी मोबाइल बघायचे. एकदा बाबा म्हणाले, "त्यानं सांगतलं नसतं तर तुले समजलं असतं काय?"  समजलं नसतं. आटे झिजले असं मी म्हटलं असतं आणि काकांचे उपकार मानले असते.

त्यानंतर काका आमच्याकडे वेगळ्याच रीतीने यायला लागले. आपल्या घरी हात धुवायचे, कोपरापर्यंत, आणि ओले हात वर धरून कोपराने आमची बेल वाजवायचे. तेलाचा कॅन त्यांनी आमचा उंबरा ओलांडून पुन्हा कधी आणला नाही. दारातून ते थेट बाबांच्या खुर्चीपाशी जायचे, पण हातभर अलीकडे थांबायचे आणि दोन्ही हात पुढे करायचे. बाबा वाकून त्यांचा वास घ्यायचे. "नाही येत. बसा." मगच बसायचे. सकाळी बोल्टांचं काम, संध्याकाळी साबण. हाताची कातडी फाटून गेली होती. काकू म्हणाल्या, अहो खोबरेल तरी लावा, तर त्यांच्यावर खेकसले. बाबा मला सांगायचे, "आले पाहाय डॉक्टर, ऑपरेशनले." पण वास घ्यायचा त्यांनी एकदाही टाळला नाही. थट्टेत म्हणूनही नाही.

पुढच्या थंडीत बाबा गेले. झोपेत, शांतपणे. मशीन चालू होतं, सिलिंडर भरलेला होता, कुठलाही स्क्रू सैल नव्हता. भेटायला येणारे येऊन गेले. सिलिंडरवाला येऊन सिलिंडर आणि मशीन घेऊन गेला, आणि ज्या कोपऱ्यात सिलिंडर होता तिथे फरशीवर एक गोल डाग राहिला.

संध्याकाळी, चहाच्या वेळेला, बेल वाजली. दारात काका होते. हात कोपरापर्यंत ओले, वर धरलेले, पाणी थेंब थेंब गळत होतं.

"काका, सिलिंडर नेला," मी म्हटलं. "सकाळीच नेला."

"माहीत आहे."

ते आत आले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहून त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. मी ते हातात घेतले. गार होते, भेगाळलेले, भेगांत कुठे कुठे रक्त सुकलेलं. मी वाकून वास घेतला. फक्त साबणाचा होता.

"नाही येत," मी म्हटलं. "बसा."

त्यांनी हात माझ्याकडून काढून घेतले आणि स्वतःच्या नाकाशी नेले.

"माका येता," ते म्हणाले आणि परत आपल्या घरात धुवायला गेले.